तलावातील होडी आणि श्रावकाची मर्यादा

पाठशाळेत आस्रव, संवर आणि निर्जरा समजावून सांगताना नावेचा दृष्टांत हमखास दिला जातो. तळाच्या भोकातून पाणी आत येते तो आस्रव, भोक बुजविणे हा संवर आणि साचलेले पाणी उपसणे ही निर्जरा. हा दृष्टांत ऐकत वाढलेल्या घरात मुले एखाद्या दिवशी खरीच होडी विकत घेण्याचा हट्ट धरतात, तेव्हा वडीलधाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. या खरेदीत पैशाइतकाच जिवाचा आणि व्रताचाही हिशेब असतो.

कंधारच्या परिसरात असा हट्ट अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. गावालगत जगत्तुंग समुद्र हा राष्ट्रकूटकालीन तलाव आहे आणि किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे. ‘जगत्तुंग’ हे सम्राट तिसरा गोविंद याचे बिरुद होते. त्याचा पुत्र अमोघवर्ष याने आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानले. आजच्या काळात बारूळचा निम्न मानार प्रकल्प, लिंबोटीचा ऊर्ध्व मानार प्रकल्प आणि नांदेडजवळील विष्णुपुरीचा जलाशय ही मोठी पाणीसाठ्याची ठिकाणे जवळ आहेत. मात्र याच मराठवाड्यात १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, हेही विसरता येत नाही.

वापराचे दिवस किती?

व्यापारी माणसाने प्रथम वापराचे दिवस मोजावेत. पावसाळ्यात तलाव भरतो, पण तो चातुर्मासाचा काळ. अनेक घरांत तेव्हा प्रवासावर व हौसेवर मर्यादा असते. वैशाखात पाणी काठापासून दूर जाते आणि होडी चिखलात रुतते. उरतात कार्तिकी पौर्णिमेपासून होळीपर्यंतचे चार महिने, म्हणजे साधारण सतरा रविवार. त्यांतून लग्नकार्ये, परीक्षा आणि दुकानाची घाई वजा केली, तर हातात किती राहतात हे ज्याचे त्याने मांडून पाहावे. होडीची किंमत, ती वाहून नेणारी गाडी, उन्हापासून जपण्यासाठी शेड आणि दरवर्षीची डागडुजी हा सारा खर्च त्या मोजक्या दिवसांवर वाटला, म्हणजे एका फेरीची खरी किंमत कळते. दोन-चार कुटुंबांनी मिळून एक होडी घेतली, तर हा भार पुष्कळ हलका होतो.

कोणती होडी?

घरगुती वापरासाठी फायबरची, वल्ह्यांची किंवा पायडलची होडी पुरेशी ठरते. तळाशी फेस भरलेले बंद कप्पे आहेत का, हे आवर्जून पाहावे. होडी पाण्याने भरली तरी असे कप्पे तिला तरंगत ठेवतात. हवा भरण्याची रबरी होडी स्वस्त व सुटसुटीत असते, परंतु मराठवाड्याच्या उन्हात तिचे सांधे लवकर सुटतात. इंजिनाची होडी घेण्याचा मोह शक्यतो टाळावा. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनातून न जळलेले तेल पाण्यात मिसळते, शिवाय मासेमारांची जाळी पंख्यात अडकून फाटतात.

यंत्रावर चालणाऱ्या होडीसाठी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तपासणी, नोंदणी व विमा यांची तजवीज करावी लागते. होडी कोणतीही असो, तलाव नगरपरिषदेचा आहे की जलसंपदा विभागाचा, हे विचारून खरेदीपूर्वीच लेखी परवानगी घ्यावी. पिण्यासाठी राखलेल्या पाण्यावर परवानगी न मिळणेच योग्य आहे.

जिवाची काळजी

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने होडी उलटली आणि सहा जण बुडाले. यावरून घरचा नियम ठरवावा. जाकीट घातल्याशिवाय कोणी होडीत पाय ठेवू नये. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते, म्हणून मुलांची जाकिटे वेगळी असावीत. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर होडी काढू नये. सूर्यास्तापूर्वी काठावर यावे. रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्या घराला हे बंधन जड जाणार नाही.

व्रताच्या कसोटीवर

होडी ही पुन्हा पुन्हा वापरण्याची वस्तू, म्हणून ती उपभोगात मोडते आणि भोगोपभोग-परिमाणाच्या यादीत तिची नोंद व्हायला हवी. अनर्थदंडविरतीत प्रमादचर्या वर्ज्य सांगितली आहे; निष्कारण पाणी ढवळणे व निष्कारण भटकणे हे तिचेच प्रकार. मुलांना पोहणे व वल्हविणे शिकविणे, आजी-आजोबांसह शांतपणे एक फेरी मारणे आणि केवळ वेगाची नशा अनुभवणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

अधिक अवघड प्रसंग पुढे येतो. ओळखीचा कोणी गळ टाकण्यासाठी एक दिवस होडी मागतो. व्यापारात संबंध जपायचे असतात, त्यामुळे नकार जिभेवर येत नाही. तरी हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे हे हिंसादान होय, त्याचाही समावेश अनर्थदंडातच होतो. म्हणून भागीदारीचा कागद करतानाच ‘मासेमारीसाठी होडी दिली जाणार नाही’ असे कलम घालावे. मग नकार एकट्याचा राहत नाही आणि मागणाऱ्यालाही तो लागत नाही.

ज्यांचा निर्णय अजून होत नसेल, त्यांनी पहिल्या वर्षी होडी घेऊ नये. परवानगी असलेल्या नौकाविहार केंद्रावर भाड्याच्या होडीतून चार रविवार जाऊन पाहावे आणि त्याच वर्षी घरातील प्रत्येकाने पोहायला शिकावे. पुढे होडी आली नाही, तरी ही शिकवण वाया जात नाही.