सर्पगंधा : झोंपेची मुळी

सर्पगंधा या लहानशा झुडपाची मुळी निद्रानाश व उन्माद यांवर आपल्या देशांत फार पूर्वीपासून दिली जात असे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं वाढलेल्या रक्तदाबावरील तिचा गुण एका ब्रिटिश वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध केला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रिसर्पीन हें द्रव्य निराळें काढण्यांत आलें. मज्जातंतूंच्या टोकांशीं असलेला उत्तेजक द्रव्यांचा सांठा तें रिता करितें. म्हणून नाडी मंद होते व चित्त निवतें. परंतु दीर्घ सेवनानें कांहीं रोग्यांस गाढ खिन्नता आल्याचें डॉक्टरांस आढळलें, आणि नवीं औषधें येतांच हें मागें पडलें.

यास्तव पालकहो, अमरावती-अकोल्याच्या बाजारांतील कोणतीही मुळी केवळ रानची म्हणून निरुपद्रवी समजूं नये. झोंपेचें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घरांत कोणासही देऊं नये.