‘चायनाटाउन’चा अपुरा जमाखर्च

राजकीय भ्रष्टाचारावरील गुप्तहेरपटांत रोमन पोलान्स्की दिग्दर्शित ‘चायनाटाउन’ला मानाचे स्थान आहे. १९७४ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या पटकथेबद्दल रॉबर्ट टाऊन यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते सर्वथैव उचित होते. १९३७ च्या लॉस एंजेलिसमध्ये जेक गिटिस हा खाजगी गुप्तहेर एका साध्या प्रकरणाचा छडा लावू जातो आणि त्याच्या हाती लागतो तो पाण्याचा काळाबाजार. अवर्षणाची ओरड चालू असता रात्री पाणी गुपचूप सोडून दिले जाते. कोरड्या जमिनी वृद्धाश्रमातील अजाण रहिवाशांच्या नावे स्वस्तात खरेदी होतात. धरणाच्या कर्जरोख्यांचा भार मात्र जनतेच्या माथी येतो. खर्च सार्वजनिक आणि नफा खाजगी, हे भ्रष्टाचाराचे अर्थशास्त्र इतक्या नेमकेपणाने पडद्यावर क्वचितच आले असेल.

परंतु ज्या चिनी वस्तीचे नाव चित्रपटाने धारण केले, तिच्या माणसांच्या वाट्याला त्यात काय आले? आशियाई चेहरे येथे दिसतात ते प्रामुख्याने बटलर, मोलकरीण आणि माळी म्हणून. तळ्याचे खारे पाणी गवताला मारक आहे, हे गुन्ह्याच्या उकलीचे सूत्र माळ्यालाच ठाऊक असते. पण त्याच्या सदोष उच्चारामुळे नायक त्याचे बोलणे हसण्यावारी नेतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ साली गोऱ्यांविरुद्ध चिनी माणसाची साक्ष अग्राह्य ठरविली होती. पुढे ती बंदी उठली. ऐकून न घेण्याची सवय मात्र उरली.

त्या काळाचे पूर्वग्रह दाखविणे म्हणजे ते स्वीकारणे नव्हे, असा बचाव केला जातो. तो निम्माच खरा आहे. ज्यूंना प्रवेश नाकारणाऱ्या वृद्धाश्रमाची वृत्ती हा चित्रपट उघडी पाडतो. चिनी वस्ती मात्र त्याच्या लेखी केवळ अगम्य अनाचाराचे प्रतीक आहे. दुष्कृत्ये सारी नोआ क्रॉस या गोऱ्या धनिकाची. त्यांना नाव मिळते ते चिन्यांच्या मोहल्ल्याचे! प्रत्यक्षात त्याच दशकात लॉस एंजेलिसची जुनी चिनी वस्ती युनियन स्टेशनसाठी जमीनदोस्त होत होती. ते स्थानक १९३९ साली सुरू झाले. चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद करणारा १८८२ चा कायदा तर १९४३ पर्यंत कायम होता.

ज्या पाण्यावरून कथा सुचली, त्याचा इतिहासही असाच आहे. ओवेन्स खोऱ्याचे पाणी १९१३ साली कालव्याने लॉस एंजेलिसला पोचले. गोऱ्या शेतकऱ्यांच्या हानीची पुष्कळ चर्चा झाली. परंतु त्यांच्याही आधी त्या खोऱ्यात पाट खोदून जमीन भिजविणाऱ्या पायूट आदिवासींचा चित्रपटात उल्लेखही नाही. त्यांच्या जमिनींची नगरपालिकेशी अदलाबदल करण्यास मुभा देणारा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला तो नेमका १९३७ सालीच. अदलाबदल झाली, पाण्याच्या हक्काचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिला.

भ्रष्टाचार म्हणजे जनतेच्या धनाचा अपहार, ही व्याख्या बरोबरच आहे. पण ‘जनता’ या शब्दात कोणाची गणना करावयाची, हे आधी ठरवावे लागते. ज्यांची गणनाच होत नाही, त्यांची लूट कोणत्याही चौकशीत उघडकीस येत नाही. ‘चायनाटाउन’ने चोर अचूक पकडला, लुटल्या गेलेल्यांची यादी मात्र अर्धीच ठेवली.