यंत्रकारागिराचे प्रशिक्षण : संस्थेची निवड कशी करावी?

दहावीचा निकाल जाहीर झाला की नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पालकांची व विद्यार्थ्यांची वर्दळ वाढू लागते. ग्रामीण भागातून येणाऱ्या अनेक कुटुंबांत यापूर्वी कोणी कारखान्याचा उंबरठा ओलांडलेला नसतो. ‘मशिनिस्टला प्रवेश मिळेल काय?’ एवढाच प्रश्न त्यांच्या ओठी असतो. परंतु हा व्यवसाय नेमका कोणता आणि तो कोणत्या संस्थेत नीट शिकावयास मिळेल, हे दोन प्रश्न त्याआधीचे आहेत. त्यांची उत्तरे न शोधता प्रवेश घेतल्यास मुलाची उमेदीची दोन वर्षे पणास लागतात.

सातपूरची पार्श्वभूमी

कारागीर प्रशिक्षणाची योजना केंद्र शासनाने १९५० साली सुरू केली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि पुढे सातपूरच्या माळावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. मायको (आजची बॉश), महिंद्र, सिएट यांसारखे मोठे कारखाने येथे आले. १९६४ साली ओझर येथे विमाननिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या यंत्रशाळा त्यांच्या आधाराने वाढल्या. धातूला अचूक आकार देणाऱ्या कारागिराची गरज या सर्वांनाच असते.

यंत्रकारागीर म्हणजे कोण?

कातारी, जोडारी आणि यंत्रकारागीर या तीन व्यवसायांत पुष्कळदा गल्लत होते. लेथवर धातूचा तुकडा फिरतो व हत्यार त्याला कापते. हे मुख्यतः कातारीचे क्षेत्र होय. सुटे भाग घासून, जुळवून त्यांची जोडणी करणे हे जोडाऱ्याचे काम. मिलिंग यंत्रावर मात्र दातेरी कटर फिरतो आणि धातूचा तुकडा त्याच्याखालून पुढे सरकतो. सपाट पृष्ठभाग, खाचा, चक्रांचे दाते असे आकार यातून घडतात. यंत्रकारागिराला मिलिंगबरोबरच लेथ, शेपिंग, स्लॉटिंग, ग्राइंडिंग आणि संगणकनियंत्रित, म्हणजे सीएनसी यंत्रांचीही ओळख करून घ्यावी लागते.

या कामी शाळेतील गणित पदोपदी उपयोगी पडते. चोवीस दात्यांचे चक्र कापावयाचे आहे असे समजू. दाते समान अंतरावर पाडण्यासाठी मिलिंग यंत्रावर जे विभाजक उपकरण असते, त्याची मूठ चाळीस वेळा फिरविली की चक्राचा एक फेरा पुरा होतो. चाळीसाला चोवीसाने भागले असता एक पूर्णांक दोन तृतीयांश येतात. म्हणून प्रत्येक दात्यासाठी मूठ एक पूर्ण फेरा आणि अठरा छिद्रांच्या वर्तुळावर आणखी बारा घरे फिरवावी लागते. एका घराची चूक झाली तरी चक्र वाया जाते. अपूर्णांकांचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य सांगावे.

निवडीच्या चार कसोट्या

पहिली कसोटी मान्यतेची. संस्थेच्या फलकावर ‘शासनमान्य’ असे लिहिलेले असले म्हणजे भागले, असे नाही. केंद्रीय संलग्नता व्यवसायनिहाय व तुकडीनिहाय दिली जाते. यास्तव ज्या तुकडीत प्रवेश घ्यावयाचा, तिला मान्यता आहे काय, हे विचारणे अगत्याचे आहे. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेनंतर मिळणारे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरले जाते.

दुसरी कसोटी यंत्रांची. कार्यशाळेत यंत्रे किती आहेत यापेक्षा चालू किती आहेत आणि एका मिलिंग यंत्रामागे प्रशिक्षणार्थी किती, हे महत्त्वाचे. कटर व कच्चा माल वेळेवर मिळतो काय, तेही पाहावे. मागील तुकडीच्या मुलांनी स्वतः केलेली कामे व त्यांच्या नोंदवह्या दाखविण्याची विनंती करावी. दुसऱ्याचे काम पाहून हा व्यवसाय येत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे माप मायक्रोमीटरवर घेणारा हात सरावानेच तयार होतो. सीएनसी यंत्राचे आकर्षण स्वाभाविक आहे. तथापि धातू कसा कापला जातो हे साध्या यंत्रावर ज्याने अनुभवले, त्यालाच संगणकास दिलेल्या आज्ञेचा अर्थ खऱ्या अर्थाने उमगतो.

तिसरी कसोटी शिल्पनिदेशकांची. त्या व्यवसायाचे पद भरलेले आहे काय आणि निदेशकाने शिकविण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतले आहे काय, याची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये.

चौथी कसोटी पुढील वाटेची. शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा १९६१ सालचा आहे. त्याखालील नियमांनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. गेल्या दोन-तीन तुकड्यांतील किती मुलांना अशी उमेदवारी मिळाली, हे संस्थेस विचारावे. ज्यांना आणखी शिकावयाचे आहे, त्यांना तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षास प्रवेशाचा मार्गही खुला आहे.

जवळची की दूरची?

संस्था उत्तम, पण गावापासून दूर, असा पेच अनेकांपुढे येतो. परीक्षेस बसण्यासाठी ऐंशी टक्के उपस्थिती लागते. पहाटेची एस.टी. रोज चुकू लागली तर उत्तम कार्यशाळेचाही उपयोग होत नाही. वसतिगृहाची अथवा नातलगांकडे राहण्याची सोय होत असेल तर दूरची, चांगली सामग्री असलेली संस्था पत्करावी. अन्यथा तालुक्याच्या संस्थेत नियमित हजेरी लावणे अधिक हिताचे. मुलींच्या बाबतीतही हाच विचार व्हावा. यंत्रकारागिराच्या कामात अंगबळापेक्षा अचूकतेला मोल अधिक आहे, हे पालकांना पटवून देण्याची गरज आहे.

पसंतीक्रमाचे महत्त्व

राज्यातील प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय पद्धतीने, गुणवत्तेनुसार होतात. अर्जात संस्था व व्यवसाय यांची जोडी पसंतीक्रमाने नोंदवावी लागते. पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक असते. ती नाकारणाऱ्यास पुढील फेऱ्यांत संधी राहत नाही. म्हणून संस्था न पाहता, दुसऱ्याच्या सांगण्यावरून क्रम भरणे धोक्याचे ठरते.

येथे गावाचे साहाय्य मोलाचे आहे. माध्यमिक शाळेने दहावीच्या वर्गाची एक सहल औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत नेली आणि ग्रामपंचायतीने प्रवेशाच्या तारखा फलकावर वेळेवर लावल्या, तर फार मोठा खर्च न होता अनेक मुलांची वाट सुकर होईल. चालू यंत्रासमोर अर्धा तास उभ्या राहिलेल्या मुलाला आपल्याला हे काम आवडेल की नाही, याचे उत्तर बहुधा तेथेच मिळते. अर्ज त्यानंतर भरावा.