विळा-कोयत्याची जखम व धनुर्वात

सुगीचे दिवस आले म्हणजे घरोघर विळे, कोयते व कुऱ्हाडी बाहेर निघतात. बैलांची काळजी आपण घेतों. हत्यारांकडे मात्र दुर्लक्ष होतें. बोथट विळ्यास जोर अधिक लावावा लागतो. मग तो ताटावरून निसटून डाव्या हाताच्या बोटांवर येतो. म्हणून धारदार हत्यारच अधिक निर्धोक, असें आम्ही म्हणतों. कुऱ्हाडीचा दांडा ढिला असल्यास पाचर मारल्यावांचून ती उचलूं नये. कापणाऱ्यांनीं एकमेकांपासून विळा पोंचणार नाहीं इतकें अंतर ठेवावें, आणि काम संपल्यावर हत्यार बांधावर उघडें टाकूं नये.

इतकें करूनही जखम झालीच, तर तीवर माती, शेण वा तंबाखू मुळींच दाबूं नये. धनुर्वाताचे जंतु माती व शेण यांत असतात. किटासाटो या जपानी शास्त्रज्ञानें ते १८८९ सालीं वेगळे करून दाखविले. जखम लहान असली तरी त्यांस तेवढी पुरते. रोगाचीं लक्षणें बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात; तोंवर जखम भरूनही आलेली असते, आणि मग जबडा आखडूं लागतो. यास्तव जखम साबण व स्वच्छ पाण्यानें धुवावी, स्वच्छ फडक्यानें बांधावी, व त्याच दिवशीं दवाखाना गांठून लशीविषयीं विचारावें.

गडीमाणसांच्या हातीं हत्यार आपणच देतों. तें नीट असणें व त्यांस लस मिळणें, ही जबाबदारीही आपलीच होय.