राखीव कोअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून आणावा, त्यावर लिनक्ससीएनसी ही प्रणाली बसवावी आणि भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यातील जुन्या मिलिंग यंत्राला नवे आयुष्य द्यावे, अशी आकांक्षा धरणाऱ्या तरुण अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. आणि म्हणूनच, प्रोसेसरचा एक कोअर राखून ठेवला की दिरंगाईचा प्रश्न कायमचा निकाली निघतो, हा त्यांच्यात रूढ झालेला समज तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

या समजाच्या मुळाशी आणखी एक गैरसमज आहे, तो असा की रिअल-टाइम म्हणजे वेगवान. वस्तुतः येथे प्रश्न वेगाचा नसून मुदत पाळण्याचा आहे. लिनक्ससीएनसीतील सर्वो थ्रेड, म्हणजे यंत्राच्या हालचालीचे नियंत्रण करणारा थ्रेड, सामान्यतः दर मिलिसेकंदाला, म्हणजे 1,000 मायक्रोसेकंदांच्या अंतराने, एकदा चालतो. तो हजारो वेळा अगदी वेळेवर हजर झाला आणि एकदाच मुदत चुकला, तर सरासरी उत्तमच दिसेल. पण यंत्राला सरासरीशी कर्तव्य नसते. स्टेपर मोटरचे पल्स संगणकच काढत असेल तर अंतर फारच कमी, काही दहा मायक्रोसेकंदांचे, असते. तेथे एक पल्स अवेळी गेला की मोटर पाऊल चुकते आणि पुढचे सारे माप बिघडते.

आता मुख्य मुद्दा. बूट होताना वाचल्या जाणाऱ्या सीएमडीलाइन फाइलमध्ये ‘आयसोलसीपीयूज=3’ असे लिहिले की चौथा कोअर (गणना शून्यापासून होत असल्यामुळे क्रमांक 3) संपूर्ण मोकळा होतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात या फर्मानाचा अंमल मर्यादित आहे : शेड्यूलर सर्वसाधारण प्रोग्रॅमची वाटणी करताना तो कोअर वगळतो, इतकेच. कर्नलचे प्रत्येक कोअरला बांधलेले थ्रेड तेथे राहतातच, टायमरची टिकटिक चालूच राहते, आणि नेटवर्क वा यूएसबीकडून येणाऱ्या इंटरप्टांना त्या कोअरवर मज्जाव होत नाही. त्यांचा बंदोबस्त ‘आयआरक्यूअफिनिटी’ने निराळा करावा लागतो, आणि टिकटिक कमी करण्यासाठी ‘नोहर्ट्झफुल’ची सोय असलेला कर्नल लागतो. ‘प्रॉक-इंटरप्ट्स’ ही फाइल उघडून प्रत्येक कोअरचा स्तंभ पाहिला की कोणत्या कोअरवर किती तगादा आहे हे स्पष्ट दिसते. पायवर बहुतांश भार शून्य क्रमांकाच्या कोअरवर पडलेला आढळतो, म्हणून तो कोअर राखीव ठेवण्याच्या भानगडीत पडू नये.

आपला प्रोग्रॅम राखीव कोअरवर आपोआप जातो, हाही भ्रमच. त्याला ‘टास्कसेट’ने तेथे तैनात करावे लागते, आणि दोन कोअर राखून चार थ्रेड त्यांच्या हवाली केले, तर शेड्यूलर तेथे भार समतोल करीत नसल्यामुळे चारही थ्रेड एकाच कोअरवर खोळंबून दुसरा रिकामा पडून राहण्याचा संभव असतो. प्रत्येक थ्रेडला त्याचा कोअर नेमून देणे हाच सरळ मार्ग.

कोअर राखला की कर्नलला रिअल-टाइम बनवणाऱ्या प्रीएम्प्ट-आरटी या सुधारणेची गरज उरत नाही, हे म्हणणे मला विशेष घातक वाटते, कारण राखीव कोअरवरचा प्रोग्रॅम कर्नलकडे काही मागू लागला की तेथील कुलुपांशी (लॉकशी) त्याची गाठ पडते, आणि ती कुलुपे इतर कोअरांवरील कामांच्या हाती असू शकतात. सुमारे वीस वर्षांच्या परिश्रमांनंतर 2024 साली 6.12 या आवृत्तीत मूळ लिनक्समध्ये समाविष्ट झालेली ही सुधारणा नेमकी तीच प्रतीक्षा आटोक्यात आणते. दोन्ही उपाय परस्परपूरक आहेत.

तरीही चार कोअर म्हणजे चार स्वतंत्र संगणक नव्हेत. पाय 4 मधील चारही कॉर्टेक्स-ए72 कोअर 1 मेगाबाइटची एल-टू कॅश आणि मेमरीचा मार्ग वाटून घेतात. एका वाड्यातल्या चार बिऱ्हाडांना एकच नळ असावा, तसे हे आहे. शेजारच्या कोअरने मोठी फाइल हलवायला घेतली की आपल्या प्रोग्रॅमची माहिती कॅशमधून हुसकली जाते, आणि त्यावर कोअरच्या आरक्षणाचा काही इलाज चालत नाही. उष्णतेचेही तसेच : चिपचे तापमान 80 अंशांवर गेले की पाय स्वतःचा वेग कमी करतो, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना पत्र्याच्या बंद नियंत्रणपेटीत ही मर्यादा फार दूर नसते.

म्हणून परीक्षा अशाच अवस्थेत घ्यावी : पेटी बंद, वेळ दुपारची, कार्डावर लेखन चालू, नेटवर्कवर रहदारी, आणि विलंब मोजणारा ‘सायक्लिकटेस्ट’ हा प्रोग्रॅम काही तास चालवून सरासरीचा नव्हे, तर कमाल विलंबाचा आकडा पाहावा. आरक्षणाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. केवळ मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेड सांभाळायचा असून कमाल विलंब आरक्षणाशिवायच शंभर मायक्रोसेकंदांच्या आत राहत असेल, तर तो कोअर इतर कामांना परत द्यावा; चारांपैकी एक कोअर अडवून ठेवणे या लहान संगणकाला परवडणारे नाही.