स्वस्तातला रिपीटर

मुलांनो, डोंगराच्या अलीकडे एक गाव आहे आणि पलीकडे दुसरे. अलीकडून कितीही हाका मारल्या तरी पलीकडे ऐकू जात नाहीत. पण माथ्यावरच्या गुराख्याने हाक ऐकली आणि तीच पुन्हा पलीकडे मारली, तर निरोप पोचतो. हौशी रेडिओतला (म्हणजे ‘हॅम’ रेडिओतला) रिपीटर हे गुराख्याचेच काम करतो.

हातातल्या छोट्या रेडिओच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्याने क्षितिजाशी अडतात. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४ ने गुणा. क्षितिज साधारण तितके किलोमीटर दूर असते. दीड मीटर उंचीवर धरलेल्या रेडिओसाठी हे उत्तर जेमतेम ५ येते, तर ३६ मीटर उंच इमारतीवरच्या अँटेनासाठी २४. आपल्या ॲन आर्बरमध्ये डोंगर नाहीत, म्हणून उंच इमारत किंवा टॉवर हाच आपला डोंगरमाथा.

रिपीटरला काय काय लागते? ऐकायला एक रेडिओ, बोलायला दुसरा, दोघांना जोडणारा कंट्रोलर, डुप्लेक्सर आणि अँटेना. रेडिओ जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. टॅक्सी किंवा ट्रकमधून काढलेले जुने रेडिओ हातातल्या रेडिओंपेक्षा बरे, कारण ते सतत बोलून लवकर तापत नाहीत. कंट्रोलरसाठी आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड पुरतो. कोणी बोलू लागले की ट्रान्समीटर सुरू करायचा, थांबले की बंद करायचा आणि दर १० मिनिटांच्या आत आपले सांकेतिक नाव पाठवायचे. आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्या पालकांना हा प्रोग्रॅम एका रविवारचे काम.

खरी अडचण वेगळीच आहे. रिपीटरला एकाच क्षणी ओरडायचे असते आणि कुजबुज ऐकायची असते. ट्रान्समीटर १० वॅटने बोलतो. रिसीव्हरपर्यंत पोचणारा क्षीण आवाज त्याच्या एकावर सोळा शून्ये इतक्या पटीने लहान असू शकतो! म्हणून ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रीक्वेन्सी वेगळी ठेवतात आणि डुप्लेक्सर नावाची गाळणी दोन्ही वेगळ्या करते. एकच अँटेना मग दोघांना पुरते.

पैसे वाचतात ते इथे. २ मीटर पट्ट्यात दोन फ्रीक्वेन्सींमधले अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ असते. इतके बारीक गाळायला मोठमोठे धातूचे डबे लागतात आणि नवा संच हजार डॉलरच्या वर जातो. ७० सेंटिमीटर पट्ट्यात अंतर ५ मेगाहर्ट्झ असते, म्हणून तिथे साधारण शंभर डॉलरचा छोटा डुप्लेक्सर चालतो. पहिला रिपीटर याच पट्ट्यात करावा. फ्रीक्वेन्सी मात्र मनाने निवडू नये. इतरांना अडथळा होऊ नये म्हणून मिशिगन एरिया रिपीटर कौन्सिलशी आधी बोलावे.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूरजवळ किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी तिथे जाऊन निरोप पोचवले. १४ ऑगस्ट २००३ ला आपल्या भागासह कोट्यवधी लोकांची वीज गेली आणि बरेच मोबाइलही मुके झाले. कारच्या बॅटरीवर चालणारा रिपीटर अशा वेळी बोलत राहतो. म्हणून बॅटरी जोडल्याशिवाय तो पुरा झाला असे समजू नका.

परवाना हवा, पण अमेरिकेत त्याला वयाची अट नाही. पहिल्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात, त्यांतले २६ बरोबर आले की पास. आई-बाबांनी मुलांबरोबरच परीक्षेला बसावे. घरात दोन परवाने असले की बोलायला माणूसही घरातच मिळते, आणि रेडिओवर मराठीत बोलायला काहीच बंदी नाही. फक्त आपले सांकेतिक नाव तेवढे इंग्रजीत सांगायचे!