शाळेतला धर्म आणि मतपेटी

ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या शाळांत धर्मशिक्षण असावे का, हा प्रश्न मतदारांपुढे येत नाही. नगरसेवकांनी एकमताने ठराव केला तरी तो टिकणार नाही, कारण राज्यघटनेचे कलम २८ (१) संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणाला मनाई करते. घटना समितीत ७ डिसेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली. सर्वांच्या करांतून आलेला पैसा एका धर्मासाठी वापरता येत नाही, हा डॉ. आंबेडकरांचा एक मुद्दा होता. (धर्मांविषयी माहिती देणे वेगळे, त्याला सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्यता दिली.)

इतरत्र हा प्रश्न थेट जनतेच्या कौलाला गेला. ऑस्ट्रेलियात तर दोन प्रांतांची उत्तरे उलटसुलट: दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९६ मध्ये शाळेतले बायबलचे धडे नाकारले, क्वीन्सलंडने १९१० मध्ये स्वीकारले. बर्लिनमध्ये २००९ साली नीतिशिक्षणाऐवजी धर्म हा विषय निवडता यावा, ही मागणी मतदानात फेटाळली गेली.

आपल्याकडे निर्णय पालकांच्या हाती येतो तो खासगी अनुदानित शाळेत: कलम २८ (३) नुसार तेथील धर्मशिक्षणाला अल्पवयीन मुलाला बसवण्यासाठी पालकाची संमती लागते.